गाडीची हवा आता घरच्या घरी

आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर, चहा-साखरेच्या डब्यांशेजारी, सध्या एक काळी थर्मासएवढी वस्तू उभी असते. घरी येणारी प्रत्येक बाई विचारते, "हे काय गं, नवा मिक्सर?" सासूबाई तर पहिले आठ दिवस तिला "ते भांडं" म्हणत होत्या. ते भांडं नव्हे आणि मिक्सरही नव्हे. ते आहे गाडीच्या टायरमध्ये हवा भरायचं, बॅटरीवर चालणारं यंत्र. दुकानदार त्याला इन्फ्लेटर म्हणतात, कुणी कॉम्प्रेसर म्हणतात. आम्ही घरात नुसतं 'पंप' म्हणतो.

ते स्वयंपाकघरात कशाला, असं तुम्ही विचाराल. त्याचं कारण आमचा दांडा. आम्ही खारदांड्याला राहतो, समुद्र घरापासून पाच मिनिटांवर. इथल्या खाऱ्या वाऱ्यात खिडकीचे गज, कपाटाच्या बिजागऱ्या, कुलपं, सगळं दोन पावसाळ्यांत तांबेरतं. बाल्कनीत ठेवलेली वस्तू गंजली म्हणूनच समजा. घरातली कोरडी जागा म्हणजे गॅसच्या बाजूची ती एक फळी, आणि मोबाइल चार्ज करायचा सॉकेटही तिथेच आहे. म्हणून पंप तिथे.

आता मुळात हे यंत्र घरात आलं कसं, ते सांगते.

मी सांताक्रूझच्या एका शाळेत अर्धवेळ शिकवते. सकाळचं सत्र, पावणेसातला हजेरी. रिक्षाच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा स्कूटर बरी, म्हणून चार वर्षांपूर्वी हप्त्याने स्कूटर घेतली. गेल्या जूनमध्ये एका सकाळी खाली उतरले तर मागचं चाक बसलेलं. पाऊस सुरू. नाक्यावरचा पंक्चरवाला नऊशिवाय दुकान उघडत नाही. ढकलत ढकलत पेट्रोल पंपापर्यंत नेली. पंपावर हवा फुकट मिळते, ती मिळायलाच हवी असा तेल कंपन्यांचा नियमही आहे. पण त्या दिवशी हवेच्या यंत्रावर पोतं टाकलेलं होतं आणि हवा भरणारा पोऱ्या अजून यायचा होता. शेवटी स्कूटर तिथेच ठेवून रिक्षा केली. शाळेत पोचले तेव्हा पहिला तास संपत आला होता. अर्धवेळ शिक्षिकेची नोकरी कशी असते ते ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको.

त्या रात्री मी हे यंत्र मागवायचं म्हटलं. किंमत दोन हजार चारशे रुपये.

"दहा रुपयांची हवा भरायला अडीच हजारांचं यंत्र?" हे म्हणाले.

हिशेबाने बघाल तर त्यांचं चूक नव्हतं. महिन्यातून दोनदा हवा भरली, तरी अडीच हजार वसूल व्हायला दहा वर्षं लागतील, आणि तोवर यंत्राची बॅटरी कधीच संपलेली असेल. मी वाद घातला नाही. शिकवणीचे पैसे होते, त्यातून घेतलं. आपल्या कमाईतून एखादी वस्तू घेतली की घरात तिच्याकडे जरा जास्तच बारकाईने पाहिलं जातं, हा अनुभव तुम्हालाही असेल.

यंत्र अगदी साधं आहे. आत एक छोटी मोटर, तिच्यावर मागेपुढे होणारा दट्ट्या, म्हणजे आपला सायकलचा पंपच, फक्त हाताऐवजी मोटर दट्ट्या हलवते. मोटरला वीज देते ती मोबाइलमध्ये असते तशीच लिथियम बॅटरी. एक वीतभर रबरी नळी बाहेर येते, तिच्या टोकाला पितळी तोंड. ते टायरच्या वॉल्व्हवर फिरवून बसवायचं. बसवल्याबरोबर पडद्यावर आकडा दिसतो, म्हणजे आत आत्ता किती हवा आहे ते. मग अधिक-उण्याच्या बटणाने हवा तेवढा आकडा लावायचा आणि चालू करायचं. तो आकडा आला की यंत्र आपोआप थांबतं. आवाज मात्र मिक्सरवर ओली चटणी वाटल्यासारखा! रात्री अकराला गल्लीत लावलं तर शेजारी उठतील.

पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. स्कूटरच्या चाकाला लावलं, आकडा आला १६५. माझ्या छातीत धस्स झालं. लावायचा होता २९. मी २९ लावला, बटण दाबलं, तर यंत्र सुरूच होईना. वाटलं, पैसे पाण्यात गेले. परत करायला खोकं शोधायला लागले. तेवढ्यात धाकटा म्हणाला, "आई, खाली बघ ना, वेगळंच लिहिलंय." हवेचा दाब मोजायची मापं दोन-तीन आहेत. आपल्याकडे बोलण्यात असतं ते पीएसआय. माझ्या हातून बटण दाबलं जाऊन माप बदललं होतं आणि पडदा किलोपास्कल दाखवत होता. १६५ किलोपास्कल म्हणजे पीएसआयमध्ये चोवीसच्या आसपास. मी त्या मापातले २९ मागत होते, आणि आत त्याच्या पाचपट हवा आधीच होती. यंत्र बिचारं सुरू होईल कसं? शेर आणि किलो यांची गल्लत झाली तर शिऱ्याचं जे होईल तेच. तेव्हा आधी पडद्यावर पीएसआय लिहिलंय ना, ते बघा. 'बार' हे तिसरं माप दिसलं तर लक्षात ठेवा, एक बार म्हणजे साडेचौदा पीएसआय.

आकडा किती लावायचा हे शेजाऱ्याला विचारू नका आणि पंक्चरवाल्यालाही विचारू नका. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात ते असतं. मोटारीला बहुधा चालकाच्या दाराच्या आतल्या बाजूला, दार उघडल्यावर दिसेल अशी चिकटपट्टी असते. माझ्या स्कूटरला पुढे २२ आणि मागे एकटीने जायचं तर २९, मागे कुणी बसणार असेल तर ३६ लागते. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असतील. आणखी एक, टायरच्या कडेवर उठावाच्या अक्षरांत एक मोठा आकडा असतो, ४४ किंवा ५१ असा. तो टायर जास्तीत जास्त किती सोसू शकतो त्याचा आहे, भरायचा आकडा नव्हे. आमच्याकडे "टायरवरच लिहिलंय की" असं ठणकावून सांगण्यात आलं होतं. कुणी सांगितलं ते लिहीत नाही.

हवा मोजायची ती सकाळी, गाडी हलवण्याआधी. गाडी चालली की टायर तापतो, आतली हवा फुगते आणि आकडा वाढतो. दहा अंश तापमान वाढलं तर साधारण दोन पीएसआय वाढतात. पुस्तकातले आकडे गार टायरचे असतात. लांबून आल्यावर आकडा जास्त दिसला म्हणून फुस्स करून हवा सोडायची नाही, कारण टायर गार झाला की ती कमीच पडणार.

इथे मला एका समजुतीबद्दल लिहायलाच हवं. "उन्हाळ्यात टायर फुटतात, म्हणून हवा थोडी कमीच ठेवावी." माझ्या माहेरी, अलिबागकडे, सगळे हेच म्हणायचे. इथे सासरीही तेच. ऐकायला पटतं, पण खरं उलट आहे. हवा कमी असली की टायरची कड प्रत्येक फेऱ्याला दबते आणि सुटते, दबते आणि सुटते. एखादी तार हाताने पुढेमागे वाकवत राहिलं की ती तापते आणि मग तुटते, तसंच हे. वेग जितका जास्त, वजन जितकं जास्त, ऊन जितकं जास्त, तितका टायर आतून तापतो. हमरस्त्यावर फुटणारे कितीतरी टायर जास्त हवेने नाही, कमी हवेने फुटतात. फार जास्त हवाही वाईटच, मग पकड कमी होते आणि खड्ड्यात दणका बसतो. पण उन्हाळा आला म्हणून हवा काढायची, हा घरगुती उपाय सोडून द्या.

मे महिन्यातली गोष्ट. पुण्याला नणंदेकडे मुंज होती. पहाटे सहाला निघायचं ठरलं. गाडीत आम्ही दोघं, दोन मुलं, सासूबाई, शिवाय डिकीत भांडी, आहेर, आंब्याची पेटी. आदल्या संध्याकाळी मी पंप घेऊन खाली निघाले तर हे म्हणाले, "कशाला? मी आत्ताच बघितलंय. टायर मला नजरेनं कळतात."

नजरेनं कळत नाहीत हो! हल्लीच्या टायरच्या कडा मऊ असतात, हवा पुरेशी असली तरी खाली थोड्या फुगलेल्याच दिसतात. दहा-बारा पीएसआय कमी असली तरी शेजारी शेजारी उभे असलेले दोन टायर सारखेच वाटतात. मी गेले. तीन चाकांत ३१, ३२, ३१. डावीकडच्या मागच्या चाकात २१. म्हणजे सासूबाई आणि धाकटा बसणार त्या बाजूचं, वर डिकीचं सगळं ओझं.

३३ भरली. दोन मिनिटं लागली असतील. पण मनात राहिलं, एकाच चाकात एवढी कमी का? पहाटे पाचला पुन्हा उतरून बघितलं तर २७. एका रात्रीत सहा गेली. टायर कधी आपोआपही हवा सोडतो, पण ती महिन्याला एक-दोन पीएसआय, एका रात्रीत सहा नव्हे. ह्यांना उठवलं. बॅटरीच्या उजेडात गाडी हातभर पुढे, हातभर मागे करत बघितलं, तर टायरच्या नक्षीत स्क्रूचं चकचकीत डोकं. दोन दिवसांपूर्वी गाडी एका इमारतीच्या कामाजवळ उभी केली होती, तिथलाच असणार. आमच्या भागात सध्या दर तिसरी इमारत पाडून नवी बांधतायत, रस्त्यावर खिळे-स्क्रू यांना तोटा नाही.

स्क्रू आम्ही काढला नाही. ट्यूबलेस टायरमधला खिळा जागेवर असेपर्यंत बुचासारखं काम करतो, उपटला की हवा भसकन जाते. पुन्हा ३३ भरली, हळूहळू गाडी हमरस्त्यालगतच्या रात्रभर उघड्या असणाऱ्या दुकानात नेली, पंक्चर काढून घेतलं आणि आठला निघालो. मुंजीचा मुहूर्त चुकला नाही, पण मंगलाष्टकं ऐकायला मिळाली ती शेवटची दोन. नणंदेने तोंड जरा वाकडं केलं. खंडाळ्याच्या घाटापर्यंत हे काही बोलले नव्हते. मग बोलले ते एवढंच, "परतताना पण बघून घेऊ."

पुढे मला एक बातमी पुन्हा शोधून वाचावीशी वाटली, कारण रस्ता तोच. २५ ऑक्टोबर २०१० ला पुण्याहून मुंबईला येताना एका मोटारीचं मागचं चाक फुटलं, गाडी खोल खड्ड्यात गेली आणि आतले अडतीस वर्षांचे गृहस्थ जागीच गेले. गाडी त्यांची नव्हती, सहकाऱ्याची होती, आणि चालवतही तोच होता. घरात कमावते ते एकटे. अपघात दावा न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये कुटुंबाला सव्वा कोट रुपये द्यायला सांगितले. विमा कंपनी उच्च न्यायालयात गेली. तिचं म्हणणं असं, की टायर फुटणं ही दैवी घटना आहे, त्यात कुणाचा दोष? २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते साफ नाकारलं. दैवी घटना म्हणजे माणसाच्या हातात नसलेली नैसर्गिक आपत्ती. टायर फुटतो तो वेगाने, कमी हवेने, जास्त हवेने, जुन्या टायरमुळे, उष्णतेमुळे. आणि निघण्यापूर्वी टायर तपासणं हे गाडीच्या मालकाचं आणि चालकाचं काम आहे, असं न्यायालयाने म्हटलं.

ते वाचताना मी सारखी त्या घरातल्या बाईचा विचार करत होते. अपघात २०१० चा आणि निकाल २०२३ चा. मधली तेरा वर्षं! "नशिबात होतं" असं तिला किती जणांनी म्हटलं असेल. आपल्याकडे ते फार लवकर म्हणतात.

अर्थात प्रत्येक अपघाताचं खापर टायरवर फोडायचं हीसुद्धा एक सोयच झाली आहे. १ जुलै २०२३ ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस पेटून २५ माणसं गेली, तेव्हा चालकाने टायर फुटल्याचं सांगितलं होतं. परिवहन खात्याच्या अहवालात मात्र टायर फुटल्याचा पुरावा मिळाला नाही. तेव्हा चारी चाकांत हवा बरोबर आहे म्हणून गाडी एकशे वीसने हाकायची मोकळीक मिळत नाही, हे मी घरातही सांगितलं आहे.

पंपाच्या मर्यादाही सांगते, नाहीतर तुम्ही घ्याल आणि मला बोल लावाल. तो पंक्चर काढत नाही. ट्यूबच्या टायरला भोक असेल तर इकडून भरलेली हवा तिकडून जाते. टायर पार बसून रिमपासून सुटला असेल तर या छोट्या यंत्राला तो फुगवता येत नाही. टायरच्या कडेला चीर किंवा फोड दिसला तर हवा भरूच नका, तो बदलायचाच. मोटारीचा पूर्ण रिकामा टायर भरायचा तर पाच-सहा मिनिटं लागतात आणि तेवढ्यात यंत्र चांगलंच तापतं. दोन टायरनंतर त्याला दहा मिनिटं विश्रांती द्या. नळीचं पितळी तोंड तर चटका देण्याइतकं गरम होतं, मी पदराने धरते. नळी काढताना थोडी हवा जातेच, म्हणून एखादा पीएसआय जास्त लावावा. आणि वॉल्व्हचं टोपण विसरू नका. टोपण नसलं की आत रेती जाते आणि आमच्यासारख्या ठिकाणी गंजही धरतो. हवा वॉल्व्हमधून झिरपतेय असा संशय आला तर साबणाचा फेस लावा, बुडबुडे आले की समजलं.

नवी मोटार घेतली असेल तर आधी डिकी उघडून बघा. २०२० पासून नियम बदलला आहे. लहान प्रवासी गाडीत ट्यूबलेस टायर, टायरचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं साहित्य असेल तर स्टेपनी देणं सक्तीचं राहिलेलं नाही. त्यामुळे काही गाड्यांत, विशेषतः विजेवरच्या, स्टेपनीच्या जागी असंच एक छोटं हवेचं यंत्र दिलेलं असतं. आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनींच्या गाडीत ते दीड वर्षं प्लॅस्टिकच्या पिशवीत तसंच होतं, त्यांना पत्ताही नव्हता. ते बहुधा गाडीतल्या सिगारेट-लायटरच्या भोकात वायर खुपसून चालतं, म्हणजे बॅटरी उतरायची भीती नाही, पण वायर पोचेल तिथेच उपयोग. स्कूटरवालीला बॅटरीचंच घ्यावं लागतं.

बॅटरीची काळजी मोबाइलच्या बॅटरीसारखीच. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. दोन महिने वापरलं नाही तरी एकदा चार्ज करा, नाहीतर ऐनवेळी मेलेली सापडते. रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नका. बॅटरी फुगलेली दिसली तर वापर तिथेच थांबवा, आणि ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

पोरांच्या फुटबॉलला सुई मिळते, ती जोडता येते. फुटबॉलला नऊ-दहा पीएसआय पुरे. आमच्या थोरल्याने टायरचा आकडा तसाच ठेवून बटण दाबलं होतं, मी वेळेवर धावले म्हणून बरं. यंत्र मुलांच्या हाती एकट्याने देऊ नका, आणि नळी अंगाकडे धरून खेळू तर मुळीच देऊ नका.

हवेचा टायर जन्मला तोही मुलापायीच, बरं का. १८८८ मध्ये बेलफास्टमध्ये डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टराने मुलाच्या तीनचाकीला दणके बसू नयेत म्हणून रबरी नळीत हवा भरून ती चाकाला गुंडाळली. कल्पना त्याच्याही आधी, १८४५ मध्ये, थॉमसन नावाच्या गृहस्थांनी नोंदवून ठेवली होती, पण ती तेव्हा रूढ झाली नाही. बी.ए.ला मराठी घेतलेल्या मला हे शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी सांगितलं.

आता गल्लीत माझा पंप सगळ्यांना माहीत झाला आहे. समोरच्या मावशी बाजारात मासळी विकतात. त्यांची बर्फाची पेटी वाहायची ढकलगाडी आहे, तिला हवेची चाकं आहेत. एक चाक नेहमी बसलेलं, आणि सगळा भार त्यांच्या उजव्या खांद्यावर. दुकानात न्यायची तर गाडी रिकामी करावी लागे, म्हणून महिनोन् महिने तशीच ओढत होत्या. एका पहाटे मी स्कूटरची हवा बघत असताना विचारलं, "मावशी, बघू का तुमचं?" अर्धं मिनिटही लागलं नाही. गाडी दोन पावलं ढकलून बघितली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ही तर आपली आपण चालतेय गं!"

आता दर पंधरा दिवसांनी रविवारी सकाळी त्या दाराशी येतात. हवेचे पैसे मी घेत नाही, म्हणून कधी मूठभर करंदी, कधी दोन बोंबील ठेवून जातात. सासूबाई शनिवारी रात्रीच मला आठवण करतात, "ते भांडं चार्जिंगला लावलंस का?"